काउंटीने उद्योग आणायचे ते नेमके कशाच्या बळावर? करसवलतीच्या एका प्रस्तावाविषयी प्रश्न

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

सर्व सदस्यांना नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील एका लहानशा काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या, राज्याखालच्या प्रशासकीय भागात) राहते. या वर्षी आमच्या काउंटीच्या आर्थिक विकास सल्लागार समितीवर माझी नेमणूक झाली. काम बिनपगारी आहे आणि अंतिम निर्णय निवडून आलेले आयुक्तच घेतात. तरीही समितीच्या शिफारशीला वजन असते, म्हणून ती नीट समजून-उमजून द्यावी अशी माझी इच्छा आहे.

सध्या आमच्यापुढे एक प्रस्ताव आलेला आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी येथे कारखाना उभारून १८० जणांना काम देईन म्हणते आणि त्या बदल्यात मालमत्ता करात दहा वर्षांची सवलत मागते. काउंटीच्या कार्यालयाने केलेल्या आकडेमोडीनुसार या दहा वर्षांत सुमारे ३६ लाख डॉलरच्या करावर पाणी सोडावे लागेल. शेजारची काउंटीही कंपनीशी बोलत आहे, असे कंपनीच्या सल्लागाराने बैठकीत दोनदा आवर्जून सांगितले.

त्याच बैठकीत मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. त्यांचे लेथ आणि वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. टोपी हातात धरून ते म्हणाले, "मी एकतीस वर्षे पूर्ण कर भरतो आहे. माझ्याकडे चौदा माणसे काम करतात. एवढ्या वर्षांत तुम्हाला काय हवे आहे, असे विचारायला काउंटीतून कोणीही आलेले नाही." सभागृह गप्प झाले. अध्यक्षांनी आभार मानून पुढचा विषय घेतला, पण माझ्या मनातून ते वाक्य जात नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. उद्योग आणण्यासाठी काउंटीच्या हाती खरोखर काय असते? करसवलतीने नोकऱ्या येतात का, की त्या तशाही येणारच असतात? आणि अशा प्रस्तावाची शिफारस करण्यापूर्वी कोणती कागदपत्रे मागावीत, कोणत्या अटींवर अडून बसावे? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

सीमोल्लंघन

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर अधिकारांपासून सुरू करावे लागते, कारण काउंटी म्हणजे स्वयंभू सत्ता नव्हे.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि त्यांच्यात कमालीचे अंतर आहे. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत शंभर माणसेही भरली नाहीत. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, तर कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी सरकारच मोडीत काढले. या सगळ्यांत समान धागा एवढाच की काउंटीला जो अधिकार मिळतो तो राज्याकडून मिळतो. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेले तत्त्व आजही अनेक राज्यांत चालते: राज्याने जे स्पष्टपणे दिले, किंवा दिलेल्या अधिकारातून जे अपरिहार्यपणे निघते, तेवढेच स्थानिक शासनाला करता येते. काही राज्यांनी 'होम रूल'च्या वाटेने काउंट्यांना जास्त मोकळीक दिलेली आहे. म्हणून पहिले काम हे की आपल्या राज्याच्या कायद्यात करसवलतीची कमाल मुदत किती, कोणत्या मालमत्तेवर ती देता येते आणि शाळा मंडळाची संमती लागते का, हे काउंटीच्या वकिलांकडून लेखी घ्यावे.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजची घासाघीस समजत नाही. स्थानिक शासनाने कारखान्यासाठी सार्वजनिक पैसा उभा करण्याची पद्धत मिसिसिपी राज्याने १९३६ मध्ये रुळवली. महामंदीचा काळ होता, कापसावर अवलंबून असलेला ग्रामीण भाग कोलमडला होता, आणि गव्हर्नर ह्यू व्हाइट यांनी 'शेतीला उद्योगाची जोड' अशा अर्थाच्या नावाने योजना आणली. काउंटी किंवा नगराने कर्जरोखे काढायचे, त्यातून कारखान्याची इमारत बांधायची आणि ती कंपनीला भाड्याने द्यायची, असे तिचे स्वरूप होते. पुढे दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली, आणि मग उत्तरेलाही ती धरावी लागली.

आजच्या काळातले चांगले उदाहरण दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्ग काउंटीचे आहे. बीएमडब्ल्यूने १९९२ मध्ये तेथे कारखाना उभारण्याचे जाहीर केले आणि १९९४ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या राज्यात कारखान्याच्या मालमत्तेचे करपात्र मूल्य बाजारमूल्याच्या १०.५ टक्के धरले जाते, पण काउंटीने 'कराऐवजी शुल्क' असा करार केला तर ते प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि फार मोठ्या गुंतवणुकीसाठी ४ टक्क्यांपर्यंत. हे ऐकून कोणालाही वाटेल की बीएमडब्ल्यू कर वाचवायला आली. सवलत होतीच आणि ती मोठीही होती. परंतु त्या काउंटीत १९६० च्या दशकापासून जर्मन आणि स्विस वस्त्रयंत्र कंपन्या येऊन स्थिरावल्या होत्या, कारण तेथे कापड गिरण्या होत्या. म्हणजे युरोपीय मालक आणि स्थानिक कामगार यांची एकमेकांशी तीस वर्षांची ओळख झालेली होती. दारातून महामार्ग जात होता, विमानतळ शेजारी होता, चार्ल्सटनचे बंदर आवाक्यात होते, आणि नव्या कारखान्यासाठी माणसे तयार करून देणारी तांत्रिक महाविद्यालयांची व्यवस्था राज्याने १९६१ पासूनच उभी केलेली होती. या गोष्टी वाटाघाटीच्या टेबलावर एका रात्रीत मांडता येत नाहीत. त्या आधीपासून असाव्या लागतात.

आपल्या प्रस्तावाकडे मी याच नजरेने पाहीन. कंपनीला आपली काउंटी का हवी आहे, याचे सवलतीखेरीज दुसरे कारण तिला सांगता येते का, हे विचारा. उत्तर जर नीट आले नाही, तर सवलतीची मुदत संपेल तेव्हा तिला येथे धरून ठेवणारेही काही नसेल.

---

जमाखर्च

मी स्थानिक शासनांच्या लेखापरीक्षणात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे माझे लिहिणे आकड्यांकडे झुकेल. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपण दिलेल्या आकड्यांनी सुरुवात करू. ३६ लाख डॉलर भागिले १८० नोकऱ्या, म्हणजे एका नोकरीमागे २०,००० डॉलर. बैठकीत हाच आकडा सांगितला जाईल आणि तो बरा दिसेल. पण या भागाकारात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे सवलत दिली नसती तर कंपनी आलीच नसती. मिशिगनमधल्या कॅलामाझू येथील अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सवलतीमुळेच निर्णय फिरला अशा कंपन्यांचे प्रमाण त्यांना साधारण २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. म्हणजे सवलत घेणाऱ्या शंभरांतल्या पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त कंपन्या तशाही त्याच ठिकाणी आल्या असत्या, राहिल्या असत्या किंवा वाढल्या असत्या. आता आपण उदार मनाने हे प्रमाण २० टक्के धरू. मग सवलतीच्या जोरावर खऱ्या अर्थाने आलेली नोकरी २०,००० नव्हे, तर सरासरी १,००,००० डॉलरला पडते. शिफारस लिहिण्यापूर्वी हे दोन्ही आकडे समितीपुढे शेजारी-शेजारी ठेवा.

दुसरा मुद्दा, हे ३६ लाख कोणाचे? मालमत्ता कराच्या पावतीवर काउंटी एकटी नसते. बहुतेक राज्यांत त्या पावतीतला मोठा वाटा शाळा जिल्ह्याचा (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक करसंस्थेचा) असतो, शिवाय ग्रंथालय, अग्निशमन, कम्युनिटी कॉलेज यांचेही भाग असतात. सही काउंटीची असली तरी कात्री अनेकांच्या खिशाला लागते. म्हणून आकडेमोड करणाऱ्या कार्यालयाकडून प्रत्येक करसंस्थेचे वर्षवार नुकसान वेगळे मागा. १८० कुटुंबांपैकी काही जरी बाहेरून येणार असतील तर त्यांची मुले त्याच शाळांत जाणार आहेत, आणि नेमक्या त्याच वर्षांत शाळांचे उत्पन्न गोठलेले असणार आहे.

तिसरे, जुने हिशेब काढा. शासकीय लेखामानके ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ मध्ये ७७ क्रमांकाचे मानक काढले. त्यानुसार करसवलतींमुळे त्या वर्षी किती महसूल सोडला, हे ही मानके पाळणाऱ्या स्थानिक शासनाला वार्षिक वित्तीय अहवालाच्या टिपांमध्ये दाखवावे लागते. दुसऱ्या शासनाच्या सवलतीमुळे स्वतःचा बुडालेला महसूलही दाखवावा लागतो, म्हणजे शाळा जिल्ह्याच्या अहवालातही तो सापडेल. आपल्या काउंटीचे गेल्या पाच-सहा वर्षांचे अहवाल काढून ही टीप वाचा. पूर्वीच्या सवलती कोणाला दिल्या, त्यांनी कबूल केलेल्या नोकऱ्या मोजल्या गेल्या का, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. एका काउंटीत मी ती फाइल मागितली तेव्हा तिच्यात करारनामा होता, उद्घाटनाची छायाचित्रे होती आणि त्यानंतर एकही कागद नव्हता. नोकऱ्या झाल्या नव्हत्या असे मी म्हणत नाही. त्या झाल्या की नाही हे कोणी पाहिलेच नव्हते, आणि त्या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते, कारण तो पैसा लोकांचा होता.

करारातली कलमे किती उपयोगी पडतात हे विस्कॉन्सिनमधल्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रकरणात दिसले. २०१७ मध्ये रसीन काउंटीतल्या माउंट प्लेझंट येथे १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्यांचे आश्वासन मिळाले, राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, गावाने आणि काउंटीने जमीन, रस्ते आणि पाण्यासाठी मोठे कर्ज उभारले आणि अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. २०२१ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा गुंतवणुकीचा आकडा ६७.२ कोटी डॉलरवर आणि नोकऱ्यांचा १,४५४ वर आला. तरीही दोन गोष्टींनी सार्वजनिक तिजोरीला काही अंशी वाचवले. राज्याचे पैसे नोकऱ्या प्रत्यक्ष झाल्यावरच द्यायचे होते, त्यामुळे लक्ष्य हुकल्यावर राज्याने ते नाकारले. आणि स्थानिक करारात असे कलम होते की बांधकाम किती का होईना, कंपनीने २०२३ पासून किमान १.४ अब्ज डॉलर मूल्याच्या मालमत्तेवर कर भरायचा. ज्या जागेवर ठरलेला कारखाना झाला नाही तिथे पुढे मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी जमीन घेतली, हा भाग निराळा. पण आधी सोडलेली घरे कोणाला परत मिळाली नाहीत.

म्हणून आपल्या करारात सवलत एकदम न मिळता वर्षागणिक मिळावी, दरवर्षी वेतनपटाच्या आधारे नोकऱ्या मोजल्या जाव्यात, वेतनाची किमान पातळी आकड्यात लिहिलेली असावी, कारखाना मुदतीआधी हलवल्यास सोडलेला कर परत करावा लागावा आणि मालमत्तेच्या किमान मूल्याची हमी असावी, यावर अडून बसा. 'प्रयत्न करू' असा शब्द कुठेही दिसला तर तो खोडायला लावा.

---

जलवाहिनी

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी स्थापत्य अभियंता आहे आणि पाणीपुरवठा व मलनिस्सारण हे माझे रोजचे काम, त्यामुळे जमिनीखालची बाजू मांडतो.

जागा शोधणाऱ्या सल्लागारांबरोबर मी अनेकदा माळावर उभा राहिलो आहे. त्यांचे पहिले प्रश्न कराचे नसतात. सांडपाण्याच्या वाहिनीचा व्यास किती, पंपिंग स्टेशनची उरलेली क्षमता किती, दिवसाला किती गॅलन पाणी घेऊ शकाल, वीज उपकेंद्र किती अंतरावर, जमिनीचा मालक एक की अनेक, पूररेषा कुठे, झोनिंग (जमीन कशासाठी वापरता येईल याची निश्चिती) झालेले आहे की अजून जनसुनावणी व्हायची आहे, हे ते विचारतात. यातल्या दोन-तीन प्रश्नांना "चौकशी करून सांगतो" असे उत्तर मिळाले की त्यांच्या यादीतून ती जागा त्याच संध्याकाळी बाद होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बांधकाम परवान्याला सहा आठवडे लागणार की सहा महिने, हे त्यांच्यासाठी रोख पैशांइतके मोलाचे असते. परवान्याची खिडकी पुष्कळ ठिकाणी काउंटीच्याच हातात असते आणि ती वेगाने चालवायला कोणालाही कर सोडावा लागत नाही.

टेनेसीतल्या हेवूड काउंटीचे उदाहरण पाहा. तेथे राज्याने सुमारे ४,१०० एकरांची एकसंध जागा मोठ्या कारखान्यासाठी घेऊन ठेवली होती. दहा वर्षांहून अधिक काळ ती रिकामी पडून होती, कारण जमीन होती पण तिच्यावर जे लागते ते सगळे नव्हते. सांडपाणी मिसिसिपी नदीपर्यंत नेणाऱ्या वाहिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. शेवटी २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने ५.६ अब्ज डॉलरचा प्रकल्प तेथे जाहीर केला. पुढे उत्पादनाची मुदत लांबत गेली, म्हणजे एकाच मोठ्या कंपनीवर भिस्त ठेवण्याचा धोकाही तेथेच दिसतो.

लहान काउंटीने एवढी मोठी उडी मारू नये असेच माझे मत आहे. चाळीस-पन्नास एकरांची एखादी जागा निवडावी, मालकाशी लेखी करार करून किंमत ठरवून ठेवावी, मातीची आणि पर्यावरणाची तपासणी आधीच करून घ्यावी आणि वाहिन्या तिच्या कडेपर्यंत नेऊन ठेवाव्यात. पैशासाठी संघीय शासनाचे आर्थिक विकास प्रशासन आहे. १९६५ च्या कायद्याने ते अशाच मागे पडलेल्या भागांतल्या सार्वजनिक कामांसाठी अनुदान देते, पण त्यासाठी आपल्या विभागाचा अधिकृत आर्थिक विकास आराखडा तयार असावा लागतो. आपल्या समितीने तो वाचला आहे का, हे पाहा.

आणि यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे: कंपनी आली नाही किंवा येऊन निघून गेली, तरी जमिनीत घातलेला पाइप निघून जात नाही. तोच पाइप पुढच्या कारखान्याला, रुग्णालयाला किंवा घरकुलांना चालतो. सोडून दिलेल्या कराबद्दल तसे म्हणता येत नाही.

---

कृष्णाकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. ७७ क्रमांकाच्या मानकाविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. काल रात्री आमच्या काउंटीचा अहवाल उघडला, ती टीप सापडली, तिच्यात तीन सवलतींची बेरीज एका ओळीत दिलेली आहे. तपशील मागण्याचे पत्र पाठवले आहे.

एक शंका मात्र उरते. आम्ही इतक्या अटी घातल्या आणि शेजारच्या काउंटीने एकही घातली नाही, तर कंपनी तिकडे जाईल. हा युक्तिवाद समितीत फार प्रभावी ठरतो. याला काय उत्तर द्यावे?

---

सीमोल्लंघन

शेजारी म्हणजे किती अंतरावर, हे आधी नकाशावर मोजा. शेजारच्या काउंटीत कारखाना झाला तर आपले लोक वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून तिथे कामाला जाणार आहेत आणि पगार घेऊन आपल्याच काउंटीत परत येणार आहेत. काउंटीची हद्द ही करवसुलीची हद्द आहे, श्रमबाजाराची नव्हे. आपल्याला कर मिळणार नाही हे खरे, पण सवलत दिल्यावरही दहा वर्षे त्यातला बराचसा मिळणार नव्हताच.

शेजाऱ्यांच्या चढाओढीचे टोक कॅन्ससच्या बाजूच्या जॉन्सन आणि वायंडॉट काउंट्या आणि मिझुरीच्या बाजूची जॅक्सन काउंटी यांच्यात गाठले गेले. कॅन्सस सिटीचा परिसर दोन राज्यांत विभागलेला आहे. कंपन्या रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या, नव्या राज्याची सवलत घ्यायच्या, काही वर्षांनी दुसरी एखादी कंपनी उलट दिशेने यायची, आणि नोकरी करणारा माणूस मात्र त्याच घरातून त्याच नोकरीवर जात राहायचा, फक्त वळण बदलायचे. २०१९ मध्ये मिझुरीने कायदा केला, कॅन्ससने गव्हर्नरांच्या आदेशाने त्याला प्रतिसाद दिला आणि त्या परिसरातल्या काउंट्यांमध्ये नुसती जागा बदलणाऱ्या कंपन्यांना सवलती न देण्याचे ठरले. दोन राज्यांना जे जमले ते दोन शेजारी काउंट्यांना का जमू नये? आपल्या अध्यक्षांनी पलीकडच्या अध्यक्षांना एक फोन करून, कंपनीने दोघांना काय सांगितले आहे, एवढे जरी ताडून पाहिले तरी पुष्कळ धुके विरेल.

---

तळटीप

मी उशिरा आलो, पण एका बाजूवर कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. मी एका कम्युनिटी कॉलेजात यंत्रकाम शिकवतो.

आर्लिंग्टन काउंटीने २०१८ मध्ये ॲमेझॉनचे दुसरे मुख्यालय मिळवले. तेथे व्हर्जिनिया राज्याने पहिल्या २५,००० नोकऱ्यांपर्यंत दर नोकरीमागे २२,००० डॉलर, नोकरी झाल्यानंतर, द्यायचे कबूल केले. काउंटीने स्वतःचा वाटा हॉटेलांवरच्या कराच्या वाढीव उत्पन्नातून १५ टक्के इतकाच ठेवला, तोही कंपनी प्रत्यक्ष किती कार्यालयीन जागा वापरते त्यावर अवलंबून. पण राज्याच्या प्रस्तावाचा गाभा वेगळाच होता: संगणक क्षेत्रातले पदवीधर वाढवण्यासाठी विद्यापीठांमध्ये मोठी गुंतवणूक. २०२३ मध्ये कंपनीने बांधकामाचा दुसरा टप्पा लांबणीवर टाकला, तेव्हा न झालेल्या नोकऱ्यांचे पैसे द्यावे लागले नाहीत, आणि शिकून बाहेर पडणारी मुले तर कोणत्याही कंपनीत जाऊ शकतात. वर पाइपाबद्दल जे लिहिले आहे तेच माणसाच्या हातातल्या कसबालाही लागू आहे. बार्टिक यांच्याच कामात हेही पुढे आले आहे की कंपनीच्या गरजेनुसार दिलेले प्रशिक्षण आणि लहान कारखान्यांना दिलेला तांत्रिक सल्ला यांवरचा खर्च, रोख सवलतीच्या तुलनेत, कितीतरी जास्त फळ देतो.

लहान काउंटीला हे परवडते. २०१४ च्या संघीय मनुष्यबळ कायद्यानुसार प्रत्येक भागात एक मंडळ असते, त्यात बहुमत स्थानिक व्यावसायिकांचे असते, आणि नव्या माणसाला कामावरच शिकवणाऱ्या मालकाला त्या शिकाऊ काळातल्या पगाराचा निम्मा, काही परिस्थितीत ७५ टक्क्यांपर्यंत, भाग परत मिळू शकतो. माझ्या अनुभवात याची माहिती मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना असते आणि चौदा माणसांच्या वर्कशॉपला नसते. माझ्या वर्गातला एक मुलगा सहा महिने अशा एका लहान वर्कशॉपमध्ये बिनखात्रीचे तासावारी काम करत होता, कारण मालकाला त्याला पूर्णवेळ ठेवायची भीती वाटत होती. तो अर्ज आम्ही दोघांनी बसून भरला, तेव्हा साडेतीन पानांचा निघाला. मुलगा पुढच्या महिन्यात कायम झाला.

समितीने कंपनीला एकच गोष्ट विचारावी: १८० पैकी किती जागा या काउंटीत आज राहणाऱ्या, आज शिकणाऱ्या माणसांतून भरणार, आणि त्यासाठी कॉलेजला यंत्रे, अभ्यासक्रम आणि शिक्षकांचा वेळ यांपैकी काय देणार? हे करारात लिहून घ्या.

---

जमाखर्च

तळटीप यांच्या मुद्द्याला एक जोड. नोकऱ्या आणि महसूल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटीला यांपैकी काय हवे आहे हे तिने आधी ठरवावे. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत डेटा सेंटरांची जगातली सर्वांत मोठी गर्दी आहे. एकेका इमारतीत नोकऱ्या थोड्या, पण आतल्या संगणक सामग्रीवरच्या करातून काउंटीला प्रचंड उत्पन्न मिळते आणि त्यामुळे रहिवाशांच्या घरपट्टीवरचा भार हलका राहिला आहे. तरीही वीजवाहिन्या, आवाज आणि संपत चाललेली जमीन यांमुळे तेथील मंडळाने मार्च २०२५ मध्ये डेटा सेंटरना आपोआप परवानगी मिळण्याची तरतूद काढून टाकली. आता नवे प्रस्ताव सुनावणीला येतात. उत्पन्नासाठी असा करार करणे चुकीचे नाही. मात्र तो 'रोजगार योजना' या शीर्षकाखाली मंजूर होता कामा नये.

---

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही आधी नव्हते.

समितीने शिफारस पुढे ढकलली आहे. दरवर्षी वेतनपट दाखवण्याचे आणि मुदतीआधी गेल्यास कर परत करण्याचे कलम कंपनीच्या सल्लागाराने फारशी खळखळ न करता मान्य केले. किमान मूल्याच्या हमीवर त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. सवलत दहाऐवजी सहा वर्षांची करावी आणि शाळा जिल्ह्याचा वाटा तिच्यातून वगळावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. शेजारच्या काउंटीला फोन झाला. कंपनीने त्यांना आमच्याबद्दल सांगितले होते, पण जागा बघायला त्यांच्याकडे अद्याप कोणी गेलेले नाही.

आणि मी त्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. आत शिरताच थंड तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला, भिंतीवर चौदा हजेरीपत्रके खिळ्याला अडकवलेली होती. त्यांना सवलत नकोच आहे. शेड रस्त्याच्या बाजूला बारा फूट वाढवायची आहे, म्हणजे नवे यंत्र बसेल आणि आणखी तीन माणसे घेता येतील. रस्त्यापासून सोडायच्या अंतराच्या नियमातून सूट मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, आणि नकाशा चुकीच्या प्रमाणात काढला आहे एवढ्या कारणावरून तो चौदा महिने एका टेबलावर पडून होता. हे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. जलवाहिनी यांनी खासगी निरोपात सांगितल्याप्रमाणे आम्ही नकाशा पुन्हा काढून घेतला आणि अर्ज नव्याने दाखल केला. सुनावणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आहे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.